अंगणातला बकाण

बकाण कडुनिंबाच्याच कुळातला. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले असते, बकाणाचे दोन-तीन वेळा. त्यामुळे झाड दाट असूनही नाजूक दिसते. वसंतात फिकट जांभळ्या फुलांचे सुवासिक तुरे येतात. हिवाळ्यात पाने झडली, तरी पिवळ्या फळांचे घोस महिनोन्महिने फांद्यांवर लोंबत राहतात. हिमालयाच्या पायथ्यापासून चीनपर्यंत आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत तो मूळचाच आहे. पंजाबात त्याला धरेक म्हणतात. हा वृक्ष जिथे सर्वांत जास्त जिव्हाळ्याने लावला गेला आणि जिथे आज तो नकोसा झाला आहे, तो प्रदेश मात्र अमेरिकेचा दक्षिण भाग.

तिथे तो अठराव्या शतकाच्या अखेरीस पोहोचला. चार्ल्स्टनजवळ बाग उभारणाऱ्या आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याचे श्रेय सहसा दिले जाते. सुरुवातीला तो श्रीमंतांच्या बागांची शोभा होता. पण बी सहज रुजत असल्याने लवकरच गरिबाच्या दारातही आला. जॉर्जिया-अलाबामाकडच्या खेड्यांत, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांत, घरापुढचे अंगण गवत न ठेवता उघड्या मातीचे असे. रानझुडपांच्या फांद्यांचा झाडू करून ते रोज लख्ख झाडले जाई. त्या अंगणात बकाणाची सावली म्हणजे उन्हाळ्यातली बैठकीची खोलीच. भाज्या निवडणे, कपडे धुणे, शेजारणीशी बोलणे, सारे तिथेच चाले. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधल्या मुलांचे झाडावरचे घर बकाणाच्याच जोडझाडांत आहे, आणि जेसी फॉसेट यांनी १९३१ साली आपल्या कादंबरीला याच झाडाचे नाव दिले.

झाड उपयोगाचेही होते. पाने आणि फळे कपड्यांत, सुकवलेल्या फळांत कीड लागू नये म्हणून ठेवत. मुळाच्या सालीचा काढा जंतांवर देत, तो धोका पत्करूनच, कारण फळांसह झाडाचे बरेच भाग विषारी आहेत. डुकरे फळे खाऊन मरतात आणि माणसालाही बाधा होते. हिरवी फळे मुलांच्या फटाकनळीत गोळी म्हणून जात. सर्वांत सुरेख वस्तू मात्र फळाच्या आत असते. गर काढला की हाती येते ती कठीण, उभ्या खाचांची आठळी. तिच्या मधोमध निसर्गतःच छिद्राची वाट असते, त्यामुळे दोरा ओवायला फारसे कष्ट लागत नाहीत. जगभर जपमाळा आणि गळ्यातल्या माळा तिच्यापासून झाल्या, आणि अनेक भाषांत हे झाड मण्यांचे झाड म्हणूनच ओळखले जाते.

ज्या गुणांमुळे ते अंगणात आले, तेच गुण रानात त्रासदायक ठरले. वाढ झपाट्याची, कीड जवळजवळ नाही, आणि फळे मुबलक. रॉबिन आणि सिडार वॅक्सविंग हे पक्षी हिवाळ्यात ती खातात आणि आठळ्या कुंपणाखाली, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला टाकतात. फांद्या ठिसूळ, झाड अल्पायुषी. तरी तोडले की बुंध्यातून आणि मुळांतून नवे कोंब फुटतात. गळलेली पाने कुजून मातीची आम्लता घटते आणि नत्र वाढते. आम्ल मातीला सरावलेल्या स्थानिक रोपांना हा बदल मानवत नाही. फ्लोरिडापासून टेक्सासपर्यंत त्याची दाट बने झाली आहेत. दक्षिण आफ्रिकेत, जिथे त्याला सिरिंगा म्हणतात, नदीकाठांवर हीच कथा घडली.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लाल मातीत आज एखादे पडके धुराडे दिसले आणि शेजारी बकाण असला, तर तिथे कधी घर होते हे ओळखता येते. तो स्मृतीचा वृक्ष खरा, पण म्हणून त्याला पसरू देणे योग्य नव्हे. लहान रोपे ओल्या मातीतून मुळासकट उपटता येतात. मोठे झाड नुसते तोडून भागत नाही. ताज्या बुंध्यावर लगेच तणनाशक लावावे लागते, आणि पुढची काही वर्षे कोंबांवर नजर ठेवावी लागते. अंगणाला सावली हवीच असेल, तर तिथे आता स्थानिक झाड लावावे.