तासणं

माघ सरता सरता पेणच्या आसपासच्या कुंपणांवरचा पांगारा पेटतो. पान एक नाही, नुसती लाल फुलं आणि त्यांच्यावर दिवसभर मैना-बुलबुलांचा कलकलाट. फुलं ओसरली की त्या झाडाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या लाकडाचं घर होत नाही, चुलीतही ते टिकत नाही. पण हातात लहानसा चाकू घेऊन बसणाऱ्याला पांगाऱ्यासारखा समजूतदार गुरू नाही. वजनाला हलका, पात्याला मऊ. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या कारागिरांनी पांगाऱ्यातून आणि आंब्यातून पिढ्यान्‌पिढ्या फळं, भाज्या, खेळणी काढली.

मी रामवाडीत राहतो. पेणला लागून, मुंबई-गोवा महामार्गाच्या काठावर. ट्रकांचे हॉर्न, एसटीची घरघर, रोह्याकडे-अलिबागकडे निघालेल्यांची धावपळ. रात्रीसुद्धा हा रस्ता पुरता निजत नाही. अशा ठिकाणी मन निवायला हवं असेल तर आवाज थांबायची वाट पाहून भागत नाही. संध्याकाळी ओटीवर बसून फांदी तासायला घेतली की आवाज जिथल्या तिथे राहतात आणि मी त्यांच्यातून अलगद निघून येतो.

लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी. तंतूंच्या दिशेनं पातं चालवलं की ढलपी वळत, गुंडाळत सुटते. उलट दिशेनं घातलं की पातं आत शिरतं आणि लाकूड फाटतं. ही दिशा डोळ्यांना नेहमी दिसत नाही, अंगठ्याला कळते. उजव्या हातानं चाकू नुसता धरायचा, रेटा द्यायचा तो डाव्या अंगठ्यानं, पात्याच्या पाठीवरून. एका वेळी कागदाएवढंच लाकूड निघावं. जिथे एखादी डहाळी फुटली होती तिथे तंतू वळसा घेतात, गाठ येते. गाठीपाशी घाई चालत नाही. फांदी फिरवून दुसऱ्या बाजूनं यावं लागतं. धार समोर असली की मनाला भटकायची सोयच उरत नाही. डोळे मिटून बसलं की मनाला आवरायचं काम मनावरच पडतं. इथे ते काम पातं करतं. मला वाटतं, माझ्यासारख्या चंचल माणसाला हीच बैठक मानवते. ढलपी सुटते त्याच क्षणी श्वासही सुटतो, हे कुणी शिकवावं लागत नाही.

लाकूड मिळतं कुठून, असं लोक विचारतात. या किनारपट्टीवर तो प्रश्नच नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा बागाच्या बागा आडव्या झाल्या. आंबे, फणस, नारळी, पोफळी, माणसांनी जन्मभर पाणी घालून वाढवलेली झाडं एका दुपारीत गेली. त्या वेळच्या एका फणसाचा ओंडका माझ्याकडे आहे. चिरला तेव्हा हळदीसारखा पिवळाजर्द होता. आता उन्हा-वाऱ्यानं तांबूस तपकिरी होत चालला आहे. लाकूड झाड पडल्यावरही असं बदलत राहतं. ओलं असताना पाणी सोडतं, आक्रसतं; पण सगळीकडून सारखं आक्रसत नाही, घेराच्या दिशेनं जास्त. म्हणून गाभा मधोमध ठेवलेली फांदी वाळताना हमखास तडकते. ती सावलीत हळूहळू वाळवावी, टोकांना मेण लावावं. शिवणीचं लाकूड यात सगळ्यात गुणी, फारसं वाकत-तडकत नाही. मला तेच सर्वांत प्रिय आहे.

माझ्या गावाचा हात मातीत रमलेला. पेण, हमरापूर, जोहे इथे वर्षभर गणपती घडतात. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर बघा: श्वास रोखून, एका रेषेत सगळा जीव. त्याच्यापुढे आपोआप हात जोडले जातात. पण शाडूत काम करणाऱ्याला एक मुभा असते. जास्त कोरलं गेलं तर माती परत लावता येते. लाकडात गेलं ते गेलं. म्हणून तासणारा प्रत्येक फटक्याआधी क्षणभर थांबतो, आणि निववणारं जे काही आहे ते त्या थांबण्यातच आहे, असं माझं मत आहे.

याच तालुक्यातल्या गागोद्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला. पुढे वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी तासन्‌तास सूत कातलं आणि त्या मजुरीवर जगून पाहिलं. उपनिषदांत बुडालेल्या माणसाला हाताचं काम ध्यानाच्या आड येत नव्हतं. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली तेव्हा गांधीजींनी मांडलेल्या नयी तालीमचा पायाही हस्तोद्योगच होता. तिकडे फिनलंडनं १८६६ मध्येच शाळांत हस्तकाम आणलं, आणि स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांच्या पद्धतीत मुलांच्या हाती पहिलं हत्यार दिलं जाई ते चाकूच. आपल्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठा आणि चकचकीत कागद उरला. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे चाकूचा पहिला धडा विटी होती. मुठीत मावणारी, दोन्ही टोकं उतरती. टोकं सारखी उतरली नसली तर दांडू मारल्यावर ती सरळ उडत नाही, तिरकी भरकटते. एवढ्याशा वस्तूत समतोल, माप, धीर सगळं होतं, आणि ते पोरं स्वतःच्या हातानं शिकत.

म्हणून पेण-रोह्यातल्या शिक्षकांना आणि घरोघरच्या आजी-आजोबांना माझी विनंती आहे. येत्या मे महिन्यात विटी विकत आणू नका. अंगठ्याएवढी जाड, वाळलेली फांदी घ्या, धार असलेला लहान चाकू घ्या. बोथट चाकू देऊ नका. त्याला जोर लावावा लागतो आणि तोच सटकून हात कापतो. पातं अंगापासून दूर चालवायला शिकवा आणि पोराच्या शेजारी बसा. पहिली विटी वाकडी झाली तरी तिच्यानंच खेळा.