दुखण्यानंतरचा डोंगर

दुखणे माणसाला अंथरुणाला खिळवते, हे आपण सारेच जाणतो. परंतु दुखण्यातून उठण्याचा काळ त्याहून अवघड असतो. अंथरुणावर असताना घरचे, दारचे आपल्यासाठी झटतात. चार पावले टाकली की जग आपापल्या कामाला लागते, आणि आपणही पूर्वीच्याच मापाने स्वतःला मोजू लागतो.

आमच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली तेव्हा वयाची पंचावन्नी उलटली होती. देवणी परिसरात सेवेला आल्यापासून सवड मिळताच बालाघाटच्या टेकड्या चढणे हा आमचा छंद. उदगीर तालुक्यातील हत्तीबेट विशेष आवडीचे. तेथील कोरीव लेणी, गंगाराम महाराजांची समाधी आणि सभोवार पसरलेली शेते यांची ओढ आम्हांला इस्पितळाच्या खाटेवरही सुटली नाही.

छातीचे कापलेले हाड सांधण्यास साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. डॉक्टरांनी आधी अंगण, मग सपाट रस्ता आणि त्यानंतरच चढ, असा क्रम आखून दिला. नाडी मंद ठेवणारे औषध चालू असल्याने नुसते ठोके मोजून श्रमाचा नेमका अंदाज येत नाही. म्हणून चालताना सलग बोलता येते की नाही, हे पाहण्यास सांगितले. आम्ही जपमाळ हाती घेतली. प्रार्थनेचे वाक्य धापेने तुटले की थांबायचे, हा नियम केला.

तरीही मन घाई करीत होते. देवणी जातीची जनावरे पाळणारे एक वृद्ध शेतकरी आम्हांला म्हणाले, “फादर, दुखण्यातनं उठलेल्या बैलाला कुणी लगेच नांगराला जुंपतं का? आधी मोकळा फिरवायचा, मग रिकामी गाडी. भरल्या गाडीचं मागनं बघू.”

पोप संत जॉन पॉल दुसरे यांना डोंगरांची मोठी आवड. जुलै 1992 मध्ये त्यांच्या आतड्यातील गाठ काढण्यात आली. ऑगस्टमध्ये ते विश्रांतीसाठी उत्तर इटलीतील लोरेंझागो या डोंगराळ गावी गेले. 1994 मध्ये मांडीचे हाड मोडून कृत्रिम सांधा बसवावा लागला, तरी त्याच उन्हाळ्यात ते पुन्हा आल्प्सच्या सान्निध्यात होते. पावले थोडकी झाली; नाते मात्र तुटले नाही.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांच्या संमतीने आम्ही हत्तीबेटाला गेलो आणि अर्ध्या वाटेवरून परतलो. चढताना श्वासाची परीक्षा, तर उतरताना मांड्या आणि गुडघ्यांची. पाय थरथरू लागले तेव्हा सोबतच्या तरुणाने हात पुढे केला. इतकी वर्षे रुग्णांना धीर देत आलो, पण स्वतः आधार घेताना आमचा हात क्षणभर अडखळला. मग आम्ही तो हात घट्ट धरला. माथा हुकल्याची खंत तेथेच निवाली.

वाचकहो, आपल्या घरी कोणी दुखण्यातून उठत असेल, तर त्याला ‘कधी बरे होणार?’ असे विचारू नका. त्याच्या पावलाने चार पावले चाला. आणि आपण स्वतः उठत असाल, तर पुढे आलेला हात नाकारू नका. कालवारीच्या चढावर प्रभूचा क्रूसदेखील शिमोन कुरेनेकराच्या खांद्यावर देण्यात आला होता.