बंद होणे आणि बंद पडणे

मराठीत 'बंद' या शब्दापुढे निरनिराळी क्रियापदे येतात आणि प्रत्येक वेळी निराळी गोष्ट घडते. दुकान आपण बंद करतो, गिरणी बंद पडते, कचेरी सहा वाजता बंद होते. करण्यात कर्त्याची इच्छा आहे, पडण्यात दोष किंवा दुर्दैव आहे, आणि होण्यात दिवसाचे काम पुरे झाल्याची खूण आहे. व्याकरणाच्या तासाला हा भेद आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. पण तो आम्हांला खऱ्या अर्थाने कळला २००६ साली, आणि तोही एका संगणकामुळे. आमच्या मराठी विभागातला तो संगणक आम्ही रोज संध्याकाळी बंद करीत असू. तो बंद पडलेला नसे. आणि तरीही तो बंद होत नसे.

त्या वर्षी आम्ही एका जुन्या मासिकाची सूची करायला घेतली होती. मासिक जिल्ह्याच्या गावाहून निघत असे आणि फार पूर्वीच बंद पडले होते. शेवटच्या अंकात एका कादंबरीचे प्रकरण आहे आणि त्याखाली 'क्रमशः' असे छापलेले आहे; त्या एका शब्दावरून पुढचा अंक निघणार नाही हे संपादकांना ठाऊक नव्हते एवढे कळते. अंक ग्रंथालयात होते, पण निम्म्याहून अधिक लेखकांनी टोपणनावे घेतलेली. त्या नावांमागची माणसे ओळखणारे एकच गृहस्थ उरले होते. ते त्या मासिकाचे एके काळचे मुद्रितशोधक. वय ऐंशीच्या पुढे. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. दिवाळीनंतर ते रोज दुपारी विभागात येऊन बसू लागले. एकेक अंक डोळ्यांशी धरून ते सांगत, आम्ही संगणकावर उतरवून घेत असू. निघताना त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : "मास्तर, लिहिलंत का?" आम्ही "लिहिलं, अण्णा" म्हटल्याशिवाय ते काठीला हात लावीत नसत.

अण्णा गेले की आम्हांला सहाची एस.टी. गाठायची असे. विंडोज एक्सपीच्या त्या यंत्राला 'शट डाउन'ची आज्ञा दिली की पडदा निळा होई, 'सेव्हिंग युवर सेटिंग्ज' अशी अक्षरे उमटत आणि सारे तिथेच गोठे. दोन मिनिटे, पाच मिनिटे, दहा मिनिटे. अखेर आम्ही यंत्राचे बटण चार सेकंद दाबून धरत असू आणि वीज तुटे. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र कुरकुरत हार्डडिस्क तपासून घेई, मग सुरू होई. पहिल्या आठवड्यात आम्हांला अपराधी वाटले. दुसऱ्या आठवड्यात ती सवय झाली. एका संध्याकाळी तर सूचीची फाइल उघडी असतानाच आम्ही आज्ञा दिली, 'जतन करायची का?' या प्रश्नाला घाईने होकार दिला आणि हार्डडिस्कचा तांबडा दिवा लुकलुकत असतानाच बटण दाबले.

दुसऱ्या दिवशी फाइल जागेवर होती. तिचा आकारही पूर्वीइतकाच दिसत होता. उघडली तेव्हा मात्र पानेच्या पाने रिकामे चौकोन. त्याआधीची प्रत एका सीडीवर होती, ती दिवाळीपूर्वीची.

असे का व्हावे, हे आम्हांला नंतर समजले. आपण 'जतन करा' म्हणतो तेव्हा मजकूर लगेच तबकडीवर कोरला जातो असे नाही; तो आधी स्मृतीत थांबतो आणि सवडीने खाली उतरतो. एक्सपीच्या एन.टी.एफ.एस. या फाइलव्यवस्थेत फाइलींच्या नावांची, आकारांची, स्थानांची एक रोजनिशी ठेवलेली असते. त्यामुळे वीज गेली तरी कपाट शाबूत राहते. कपाटातल्या कागदावर शाई उमटली होती की नाही, याची हमी ती रोजनिशी देत नाही.

अण्णा त्याच आठवड्यात तापाने निजले. आम्ही भेटायला गेलो ते खरे तर नावे पुन्हा विचारून घ्यावीत म्हणून. वही खिशात होती. त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "मास्तर, लिहिलंत ना सगळं?" आम्ही म्हणालो, "लिहिलं, अण्णा." वही खिशातच राहिली. पंधरा दिवसांनी ते गेले.

यंत्राची चिकित्सा आम्ही त्यानंतर केली. म्हणजे नेहमीप्रमाणे उशिरा. आमचा एक जुना विद्यार्थी संगणकांच्या दुरुस्तीचे काम करीत असे, त्याला बोलावले. आमची अपेक्षा अशी की तो पेटी उघडेल. त्याने खुर्ची ओढून प्रश्न विचारायला सुरुवात केली. "सर, हे कधीपासून होतंय? त्याच्या आधी नवीन काय बसवलं होतं? काय काढलं होतं?" मग त्याने यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू केले. या अवस्थेत अगदी आवश्यक तेवढेच प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जागे होतात. तेथे आज्ञा देताच यंत्र पंधरा सेकंदांत बंद झाले. "म्हणजे सर, मशीन ठीक आहे. त्याच्याबरोबर जे उठतंय, त्यातलं कोणीतरी झोपत नाहीये."

यंत्राच्या आतल्या नोंदवहीत, म्हणजे 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये, रोज संध्याकाळची एकच नोंद पुनःपुन्हा आढळली. तिचा क्रमांक १५१७. आशय असा, की वापरकर्ता निघून जात असतानाही कोणता तरी प्रोग्रॅम त्याची नोंदपत्रके हातात धरून बसला आहे. कोणता, हे तिथे लिहिलेले नव्हते. ते शोधण्यासाठी विद्यार्थ्याने 'एमएसकॉन्फिग'मधून यंत्राबरोबर सुरू होणाऱ्या बारा प्रोग्रॅमांपैकी सहा बंद ठेवले आणि यंत्र बंद करून पाहिले. दोष कोणत्या सहांत आहे हे कळल्यावर त्यांतले तीन, मग उरलेल्यांतला एकेक. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. हस्तलिखितांचे गट पाडून, समान चुका पाहून, भ्रष्ट पाठ कोणत्या शाखेत शिरला हे आपण असेच ठरवतो. फरक इतकाच, की येथे प्रत्येक तर्काची परीक्षा पाच मिनिटांत होत होती.

दोषी सापडला तो एका स्कॅनरचा पहारेकरी प्रोग्रॅम. तो स्कॅनर आम्ही वर्षापूर्वी ग्रंथालयाला परत केला होता. प्रोग्रॅम मात्र काढायचा राहिला होता. तो रोज जागा होई, स्कॅनरला हाक मारी आणि उत्तराची वाट पाहत बसे. ड्रायव्हरकडे सोपवलेली विनंती पुरी झाल्याखेरीज अशा प्रोग्रॅमला मरताही येत नाही, असे विद्यार्थी म्हणाला. त्याने तो काढून टाकला. त्या संध्याकाळी यंत्र कोणाच्याही मदतीवाचून शांत झाले.

यापूर्वी एका हितचिंतकाने आम्हांला सोपा उपाय सुचवला होता. एक्सपीत प्रत्येक प्रोग्रॅमला आवराआवर करायला ठरावीक अवधी मिळत असे; मूळची मर्यादा २०,००० मिलिसेकंद, म्हणजे २० सेकंद. तो आकडा घटवायचा आणि 'न ऐकणाऱ्याला आपोआप संपवा' अशी नोंद करायची. विद्यार्थ्याने मान हलवली. "त्यानं थांबणं कमी होईल सर, पण ज्याचं खरंच काही लिहायचं राहिलंय, तोही मारला जाईल." हे वाक्य त्याने सहज उच्चारले. आम्ही मात्र बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

यास्काचार्यांनी निरुक्तात वार्ष्यायणींचे मत म्हणून सहा भावविकार सांगितले आहेत : जन्मणे, असणे, बदलणे, वाढणे, क्षीण होणे, नष्ट होणे. हा श्लाघ्य विचार शिकवताना आमचे लक्ष पहिल्या चारांवर असे. शेवटचे दोनही 'विकार'च आहेत, म्हणजे तीही घडामोडच आहे, तिलाही वेळ लागतो, हे आम्ही ओलांडून जात असू. संगणक बंद होतो म्हणजे तो एक एक करून सर्वांना विचारीत जातो : तुमचे झाले का? हातातले खाली ठेवले का? काही लिहायचे राहिले का? सर्वांची उत्तरे आली की मगच तो वीज सोडतो. विंडोज ९५च्या काळी अनेक यंत्रांना स्वतःची वीज तोडता येत नसे. आवराआवर संपली की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरे येत : आता यंत्र बंद करण्यास हरकत नाही. मग माणूस उठून खटका दाबी. निरोपाची ती रीत आम्हांला आता अधिक सभ्य वाटते.

अण्णा रोज दुपारी तेच विचारीत होते. आमच्या मनात मात्र तेव्हा सहाची एस.टी. असे.

आज यंत्रे झटकन बंद होतात. पण ते बंद होणेही पूर्वीचे राहिलेले नाही. २०१२च्या विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप'ची सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाउन' म्हटल्यावर वापरकर्त्याचे काम आवरले जाते, पण यंत्राचा गाभा तबकडीवर टिपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच उचलला जातो. पूर्ण विराम हवा असेल तर 'रीस्टार्ट' म्हणावे लागते. म्हणून यंत्र बंद होताना अडते अशी तक्रार घेऊन कोणी आले, तर आम्ही प्रथम तेवढी सोय काढून पाहायला सांगतो. मग अलीकडे काय बसवले, काय काढले, हे विचारतो. आणि बटण दाबून धरण्याआधी दिवा लुकलुकतो आहे का, एवढे पाहायला सांगतो.

सूची पुढे पुरी झाली. अण्णांनी उलगडलेल्या एकतीस टोपणनावांपैकी बारा आम्हांला आठवली आणि अन्य पुराव्यांनी पडताळता आली. उरलेल्या एकोणीस नावांपुढे जागा कोरी आहे. 'ओळख पटली नाही' असे तेथे छापावे, ही सूचीकारांची रूढ रीत. आम्हांला ते लिहिता आले नाही. कारण ओळख पटली होती.