तारलीचं तेल

तारली तळायला वरून तेल फारसं लागत नाही. तव्यावर पडली की ती आपलंच तेल सोडते. मांडवीत माझ्या मावशीकडे तारल्या, बांगडे, नारळाचं वाटण हे नेहमीचं जेवण, आणि अलीकडे त्यावर लगेच हिरवा चहा. "चरबी जळते ना रे यानं?" असं ती फार आशेनं विचारते.

पोटातलं तेल पाण्यात मिसळत नाही. यकृतानं केलेलं पित्त लहान आतड्यात उतरतं आणि त्या तेलाचे बारीक थेंब करतं, जेट्टीवर लाटा आपटून डिझेलचा तवंग फुटतो तसे. थेंब जितके बारीक, तितकं स्वादुपिंडातून येणाऱ्या, तेल फोडणाऱ्या लायपेज या विकराचं काम सोपं. सुटी झालेली मेदाम्लं आतड्याच्या अस्तरात शिरतात, तिथं बहुतेक पुन्हा जुळतात आणि लसिकावाहिन्यांतून छातीतून वर चढत मानेपाशी रक्ताला मिळतात. केवढी ही लांबची वाट! जेवून आपण आडवे होतो तेव्हा हे सगळं आत चाललेलं असतं.

हिरव्या चहातली कॅटेचिनं या कामात थोडी आड येतात. लायपेज मंदावतं, थेंब मोठे राहतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे इथं चरबी जळत नाही, तिचं पचन जरा रेंगाळतं. माणसांत मात्र हा परिणाम तोकडा. 2012 सालच्या कॉक्रेन आढाव्यात वजनातली घट नगण्यच निघाली. म्हणून कुणी अर्काच्या गोळ्यांकडे वळतं, त्याची मला खरी भीती वाटते. गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (या कॅटेचिनांपैकीच एक) गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये बजावलं. पित्त करणारं यकृतच ते!

आणि अडवायचं तरी काय? तारलीच्या तेलात ओमेगा-3 आहे, ड जीवनसत्त्व आहे, आणि ते जीवनसत्त्व चरबीच्याच सोबतीनं अंगी लागतं. उलट जेवणालगतचा चहा भाजी-डाळीतलं लोह नीट शोषू देत नाही, आणि मावशीचं हिमोग्लोबिन आधीच कमी.

चहा तिला आवडतो, तो तिनं प्यावाच, पण दुपारी चारला. तारल्या मात्र तळण्यापेक्षा तिरफळं घालून तिखल्यात कराव्यात. तिच्या हातचं तिखलं तसंही तळणीपेक्षा सरस होतं.