चॉप हरलं नाही

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मी अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात कर्करोगशास्त्र शिकत होते. पुण्यात एम.डी. करून तिकडे गेले होते. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा विषय निघाला की आमच्या विभागातल्या मंडळींना हुरूप यायचा. त्यातही झपाट्याने वाढणारा, आक्रमक प्रकार असेल तर जास्तच. हा आजार अंगभर पसरला तरी नुसत्या औषधांनी कायमचा बरा होऊ शकतो, हे तोवर दिसून आलं होतं. पसरलेल्या कर्करोगाबद्दल असं म्हणायची सोय तेव्हा फार थोड्या ठिकाणी होती.

हे ज्या औषधांनी शक्य झालं त्यांच्या जोडणीला आद्याक्षरांवरून ‘चॉप’ म्हणत. सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि व्हिन्क्रिस्टिन एकाच दिवशी शिरेतून द्यायची, प्रेडनिसोनच्या गोळ्या पाच दिवस घ्यायच्या आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चारही औषधं पेशीवर वेगवेगळ्या जागी घाव घालतात, त्यामुळे एकाला पुरून उरलेली पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडते. त्रासही वेगवेगळ्या अवयवांना होतो. सायक्लोफॉस्फमाइड रक्तपेशी कमी करतं, डॉक्सोरुबिसिनचा मोठा धोका हृदयाला असतो, व्हिन्क्रिस्टिन हातापायांच्या नसांना मुंग्या आणतं पण अस्थिमज्जेला फारसं छेडत नाही. म्हणून प्रत्येकाची जवळजवळ पूर्ण मात्रा एकत्र देता येते. संयुक्त केमोथेरपीचं सगळं गणित यावर उभं आहे.

तरीही चॉपने साधारण तिसरा हिस्साच रुग्ण कायमचे बरे होत. मग ओघानेच विचार आला की आणखी औषधं घातली तर? बोस्टनमध्ये एम-बॅकॉड तयार झालं, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत प्रोमेस-सायटाबॉम, कॅनडातल्या व्हँकूवरला मॅकॉप-बी. कुठे सहा औषधं, कुठे आठ. मॅकॉप-बीमध्ये तर बारा आठवडे दर आठवड्याला काही ना काही द्यायचं. ज्या त्या केंद्राचे आकडे डोळे दिपवणारे होते: निम्म्याहून जास्त, कुठे साठ टक्क्यांच्या पुढे रुग्ण दीर्घकाळ ठणठणीत. अनेक डॉक्टरांनी चॉप अडगळीत टाकायला सुरुवात केली होती.

हे आकडे खोटे नव्हते. पण प्रत्येक आकडा एकेका केंद्राचा होता. इतके कडक उपचार झेपतील असेच रुग्ण तिथवर पोहोचत आणि टिकत, तुलना मात्र व्हायची जुन्या नोंदींशी. खरं उत्तर हवं तर चारही उपचार एकाच वेळी, एकाच तऱ्हेच्या रुग्णांना, चिठ्ठी टाकावी तसे वाटून द्यायला हवेत. १९८६मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या कर्करोग संशोधन गटांनी मिळून नेमकं हेच केलं. नेतृत्व होतं डॉ. रिचर्ड फिशर यांच्याकडे. प्रोमेस घराण्यातली आधीची एक जोडणी घडवण्यात त्यांचाच हात होता. आपण घडवलेल्या घराण्यातला उपचार जुन्याच्या शेजारी उभा करून मोजायला ते निघाले, याबद्दल मला त्यांचा आजही आदर वाटतो.

आमचं रुग्णालय त्या चाचणीत होतं आणि संमतीसाठी रुग्णाशी बोलायचं काम आम्हा शिकाऊ डॉक्टरांवरही यायचं. सगळ्यात अवघड काम तेच. कर्करोगाने हादरलेल्या माणसाला सांगायचं, ‘चार उपचार आहेत, त्यांतला कोणता चांगला हे आम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला कोणता मिळेल ते तुम्ही ठरवायचं नाही, आम्हीही नाही.’ पोलादाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या एका गृहस्थांनी मला सरळ विचारलं, ‘एवढं शिकून तुम्हाला ठाऊक नाही?’ मी म्हटलं, ‘नाही. कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तर विचारतेय.’ ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग पेन मागितलं. पुढेही पुष्कळ जणांच्या बाबतीत मी हे पाहिलं. आपलं अज्ञान डॉक्टर लपवत नाही म्हटल्यावर माणसाचा विश्वास उडत नाही, उलट बसतो.

सही झाली की सांख्यिकी केंद्राला फोन करायचा. पलीकडून आजाराची अवस्था वगैरे विचारून घेत आणि चारांपैकी एक नाव सांगत. त्या गृहस्थांच्या वाट्याला चॉप आलं. ‘म्हणजे जुनंच,’ ते म्हणाले. त्यांची निराशा मला कळत होती, कारण नवे उपचार जिंकणार असंच विभागात बहुतेकांना वाटत होतं.

वॉर्डात मात्र चार उपचारांचा फरक उघड दिसायचा. आज केमोआधी दिली जाणारी उलटीवरची प्रभावी औषधं तेव्हा बाजारात नव्हती. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनंही नव्हती, ती अमेरिकेत १९९१मध्ये आली. काउंट पडला, ताप चढला की अँटिबायोटिक लावून वाट पाहायची. मेथोट्रेक्सेट असलेल्या जोडण्यांत रुग्णाला ठरल्या वेळी ल्युकोव्होरिन द्यावं लागे, रात्री झोपेतून उठवूनसुद्धा. ते चुकलं तर निरोगी पेशींचीही खैर नसायची. मॅकॉप-बी घेणाऱ्यांची तोंडं अशी यायची की पाण्याचा घोट गिळताना डोळ्यांत पाणी यावं. एका शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई तेव्हा पाटीवर लिहून बोलायच्या. ब्लिओमायसिन घेणाऱ्या रुग्णाला कोरडा खोकला लागला की आम्ही धास्तावायचो, कारण ते फुप्फुसांवर उलटू शकतं. गाठी विरघळत चाललेल्या आणि माणूस मात्र जंतुसंसर्गाने गेला, असंही घडलं. त्या मृत्यूंच्या कागदांवर कारण लिहिताना हात जड व्हायचा. आजाराने नेलं असं लिहिता येत नसे.

एवढं पाहिल्यावर चॉपच बरं असं मनाने घ्यायला हरकत नव्हती. पण खाटेशेजारी उभं राहून निकाल लागत नाही, हेही तिथेच शिकले. चॉप सहज सोसलेल्या त्या कारखान्यातल्या गृहस्थांचा आजार वर्षाच्या आत उलटला आणि त्यात ते गेले. तोंड येऊन हैराण झालेल्या संगीतशिक्षिका मी अमेरिका सोडली तेव्हा ठणठणीत होत्या. एवढ्यावरून ठरवायचं तर मी मॅकॉप-बीचाच कौल दिला असता. दोन माणसांवरून ठरवणं आणि शेकडो माणसांवरून ठरवणं यातला फरक मला पुस्तकाने नाही, या दोघांनी शिकवला.

निकाल एप्रिल १९९३मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. तोवर मी कोल्हापूरला परतले होते. तिकडच्या एका सहकाऱ्याने लेखाची झेरॉक्स टपालाने पाठवली. चाचणीच्या निकषांत बसलेले ८९९ रुग्ण. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण: चॉप ५४ टक्के, एम-बॅकॉड ५२, प्रोमेस-सायटाबॉम ५०, मॅकॉप-बी ५०. म्हणजे फरक नाहीच. आजार न उलटता जगणाऱ्यांच्या प्रमाणातही दखल घ्यावी असा फरक नव्हता. पण उपचारांनीच दगावलेल्यांचं प्रमाण चॉपमध्ये १ टक्का, प्रोमेस-सायटाबॉममध्ये ३, एम-बॅकॉडमध्ये ५ आणि मॅकॉप-बीमध्ये ६ टक्के. लेखाचा निष्कर्ष स्पष्ट होता: या आजारात चॉप हाच सर्वोत्तम उपलब्ध उपचार. मी तो लेख दवाखान्यात बसून वाचला आणि बाहेर थांबलेल्या रुग्णांना कितीतरी वेळ आत बोलवू शकले नाही.

बाहेर कोण थांबलं होतं ते सांगायला हवं. कागल, राधानगरी, गडहिंग्लजकडून एसटीने आलेली माणसं. कुणी ऊस बिलाच्या पैशांची वाट पाहत असे, कुणी म्हैस विकून आलेलं. यांना दर आठवड्याला बोलवायचं, मेथोट्रेक्सेटसाठी रक्ततपासण्यांचा ससेमिरा लावायचा, तोंड आलं की दाखल करून घ्यायचं, हे कसं जमणार? मॅकॉप-बी खरोखरच सरस ठरलं असतं तर मी जन्मभर या लोकांना मनात अपराधी वाटून दुय्यम उपचार दिले असते. त्याऐवजी मला खात्रीने सांगता आलं. एका शेतकऱ्याने विचारलं, ‘बाई, मुंबैला गेलो तर ह्याच्यापेक्षा भारी औषध मिळंल न्हवं?’ मी म्हटलं, ‘काका, अमेरिकेत याच्याहून भारी तीन औषधं याच्याशी लावून बघितलीत. हेच टिकलं.’ तीन आठवड्यांतून एक दिवस यायचं, सलाइन घ्यायचं, संध्याकाळच्या गाडीने घरी. तेवढं त्यांना जमायचं.

याच काकांच्या पत्नीने व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून काढतात हे कुठूनतरी ऐकलं आणि दारातल्या झाडाचा काढा द्यायचं ठरवलं. ते मी हात जोडून थांबवलं. हे औषध झाडातून फार अल्प प्रमाणात निघतं, मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून फक्त शिरेतून देतात. काढ्यात किती आणि काय उतरेल याचा भरवसा नसतो आणि झाड विषारी आहे. आजही लोक विचारतात, म्हणून इथे लिहून ठेवते.

पुढची प्रगती याच पद्धतीने झाली. रिटुक्सिमॅब हे बी-पेशींच्या सीडी-२० या खुणेवर बसणारं प्रतिपिंड फ्रान्स आणि शेजारच्या देशांतल्या डॉक्टरांनी चॉपला जोडून पाहिलं. या जोडणीला आर-चॉप म्हणतात. ६० ते ८० वयाच्या ३९९ रुग्णांत गाठी पूर्ण नाहीशा होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ७६ वर गेलं, असं त्यांनी २००२मध्ये दाखवून दिलं. आमच्याकडे किंमत हीच अडचण होती. २००७मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने आपली आवृत्ती आणली, तेव्हा कुठे माझ्या काही रुग्णांना ते देता आलं. नंतर मात्रा कमी-जास्त जुळवत नेणारी ‘ईपॉक’ ही जोडणी आर-चॉपसमोर उभी केली, तिथेही आर-चॉप मागे पडलं नाही आणि त्रास ईपॉकचाच जास्त निघाला. अलीकडे पोलाटुझुमॅब या औषधाने व्हिन्क्रिस्टिनची जागा घेऊन आजार आटोक्यात ठेवण्यात थोडी आघाडी मिळवली आहे. तीही चिठ्ठ्या टाकून, मोजून.

आता मी निवृत्त आहे. ओळखीपाळखीतून अजून फोन येतात: ‘टाटा हॉस्पिटलमध्ये आईला ट्रायलमध्ये घेऊ का विचारतायत, प्रयोगच करणार ना तिच्यावर?’ त्यांना मी जे सांगते तेच तुम्हाला सांगते. लगेच नाही म्हणू नका आणि न वाचता सहीही करू नका. चाचणीत नसताना कोणता उपचार मिळाला असता ते विचारा. नवा उपचार कशाशी तुलना करून पाहणार आहेत ते विचारा. संमतिपत्र तुमच्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा. नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे ना, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे विचारा. भारतात चाचण्यांची नोंदणी सक्तीची आहे आणि ती यादी कुणालाही फुकट पाहता येते, तिथे चाचणीचं नाव शोधा. कधीही बाहेर पडायचा हक्क तुमचा आहे, त्यासाठी पुढचे उपचार कुणी अडवू शकत नाही. एवढी उत्तरं नीट मिळाली तर आईशी बोला आणि निर्णय तिला घेऊ द्या.