वीस तासांचा हिशेब आणि परतीचा पाऊस

ब्रेव्हे या फ्रेंच शब्दाचा अर्थ प्रमाणपत्र असा असून, लांब पल्ल्याचे ठरावीक अंतर ठरावीक मुदतीत आणि स्वतःच्या बळावर सायकलने पूर्ण करणाऱ्यास ते मिळते. पॅरिसमध्ये १९०४ साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिझियाँच्या नियमांनुसार २०० किलोमीटरसाठी साडेतेरा, ३०० साठी २० आणि ६०० साठी ४० तास दिले जातात. यात पहिला-दुसरा असा क्रमांक लावला जात नाही, मात्र चहाला, पंक्चरला किंवा झाडाखालच्या डुलकीला लागलेला वेळही त्याच मुदतीतून वजा होतो.

पुण्याहून साताऱ्यामार्गे उंब्रजच्या पुढे जाऊन परत येण्याची ३०० किलोमीटरची ब्रेव्हे प्रस्तुत लेखकाने एका ऑक्टोबरात, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे माघार घेत असताना, पूर्ण केली. या दिवसांत ओली जमीन उन्हाने तापते, दमट हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. त्यामुळे सकाळचे दव, दुपारचा चटका आणि सायंकाळच्या विजांच्या सरी हे सारे एकाच दिवसाच्या वाट्याला येते. सकाळी सहाला अंगावर चढवलेले जाकीट खंबाटकी घाट चढण्यापूर्वी काढावे लागले, घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात पुन्हा घालावे लागले आणि सुरूरला पुन्हा काढावे लागले. अशा प्रत्येक थांब्याला पाचेक मिनिटे जातात व त्यांची नोंद मनात होत नाही. उंब्रजपुढचा वळसा सव्वा वाजता गाठला गेला, तेव्हा हाताशी तब्बल पावणेतेरा तास होते, आणि असला सढळ हिशेबच स्वाराला गाफील करतो.

परतीच्या वाटेवर पाचवडजवळ पाऊस कोसळला. विजा कडाडत असताना उघड्या महामार्गावर सायकल चालवणे हा निव्वळ वेडेपणा असल्याने एका बंद टपरीच्या पत्र्याखाली सव्वा तास काढावा लागला. पुढे रिमवर दाबणाऱ्या ब्रेकमध्ये वाळू अडकून करकर सुरू झाली, साखळीचे तेल धुऊन गेले आणि शिरवळच्या अलीकडे मागचे चाक बसले. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून सुटणाऱ्या केसाएवढ्या तारा अशा रस्त्यावर नेहमीच पडलेल्या असतात. ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही, म्हणून नवी ट्यूब घातली. परंतु पाण्याने सुरकुतलेल्या, बधिर बोटांना टायरमधली तार लागलीच नाही आणि तिने दोन किलोमीटरांत दुसरी ट्यूबही फोडली. अखेर टायरच्या आतून रुमाल फिरवल्यावर एका जागी त्याचा धागा अडकला, तेव्हा ती सापडली. तिसरी ट्यूब जवळ नव्हती. मागून आलेल्या एका सहप्रवाशाने न मागता आपली दिली. वाटेत स्वारांनी एकमेकांना असा हात देणे नियमांत बसते.

रात्री बारा चाळीसला शेवटच्या नियंत्रणस्थळी, म्हणजे कार्डावर वेळ नोंदवण्याच्या जागी, पोहोचल्यावर ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीतही घामाने भिजलेले निघाले आणि त्यावर पेन उठेना. नोंद करणाऱ्याने घड्याळ पाहून वेळ आधी तळहातावर लिहिली, मग वडापावच्या पुड्याचा कोरडा कागद कार्डावर दाबून धरला. ही चार-पाच मिनिटे मात्र वीस तासांतून वजा झाली नाहीत.