दोन किराये, एक वतन

महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, आम्ही नवरा-बायको साकोलीच्या बसस्टँडवर भेटतो. एक नागपूरहून येतो, एक रायपूरहून. तिथून सानगडीची गाडी धरायची. धानाच्या बांध्या मागे पडतात, जुना किल्ला जवळ येतो आणि घरी अम्मी वाट पाहत बसलेली असते.

आमचा संसार तीन ठिकाणी आहे. नोकरी रायपूरला, मुलीचे शिक्षण नागपूरला आणि घर सानगडीला. म्हणून दोन राज्यांत दोन खोल्यांचा किराया भरतो. खोली मिळवणेही सोपे नव्हते. नाव सांगितले की कुठे खोली "कालच गेलेली" असायची. शेवटी ओळखीतून सोय झाली, अल्हम्दुलिल्लाह.

दोन्हीकडची रीत वेगळी. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. रायपूरला अकरा महिन्यांचा करार केला, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिने संपले की पुन्हा स्टँप पेपर, पुन्हा वाढीव किराया. मोटारसायकल रायपूरला नेली, तेव्हा कळले की परराज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिचीही नवी नोंदणी करावी लागते. मतदार यादीत तर नाव एकाच ठिकाणी राहू शकते.

अब्बांना हे सांगितले असते तर ते हसले असते. त्यांच्या लहानपणी भंडारा आणि रायपूर एकाच मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर! १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि २००० साली छत्तीसगड वेगळे झाले. रस्ता तोच राहिला. देवरीच्या पुढे सीमा तेवढी आली.

गेल्या पावसाळ्यात सानगडीच्या घराची कवेलू गळू लागली. दोन किराये भरून दुरुस्तीला पैसा उरेना. घर विकावे आणि अम्मीला नागपूरला न्यावे, असे आमच्या मनात आले. अम्मी एवढेच म्हणाली, "मग ईदला तुम्ही कुठे याल?"

त्या रात्री आम्हाला इमामसाहेबांनी समजावलेला मसला आठवला. हनफी मसलकाप्रमाणे, लांबच्या प्रवासात पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाची निय्यत असेल, तर चार रकात फर्जऐवजी दोन, म्हणजे कसर. पण वतन-ए-असलीला माणूस एका रात्रीसाठी आला, तरी तो मुसाफिर राहत नाही. नमाज पूर्ण पढायची.

सकाळी आम्ही हिशेब पुन्हा मांडला. नागपूरची दोन खोल्यांची जागा सोडून एकच खोली घ्यायची. वाचलेल्या पैशातून उन्हाळ्यापर्यंत कवेलू फेरायची, इन्शाअल्लाह. मुलगी थोडी कुरकुरली, मग तयार झाली.

रविवारी दुपारी पुन्हा साकोली. एक बस पूर्वेला, एक पश्चिमेला. निघताना अम्मीने दोघांच्या पिशवीत सारखाच तांदूळ भरला होता, सानगडीचा.